बिडाचं भांडं, नग एक

तक्तेसाहेबांचं आडनाव तक्ते नव्हतं. एका मोठ्या कचेरीच्या खरेदी विभागात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. तिथे टाचण्यांच्या डबीपासून लोखंडी कपाटापर्यंत काहीही घ्यायचं असो, तीन ठिकाणची दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि खाली तांबड्या शाईने शेरा मारायचा, त्याशिवाय वस्तू आत येत नसे. नाव तिथेच पडलं. निवृत्तीनंतर ते कचेरीतच राहील असं त्यांना वाटलं होतं. पण इमारतीच्या जिन्यातला एक दिवा बदलायला त्यांनी तीन दरपत्रकं मागवली, जिना सात आठवडे अंधारात राहिला, दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांचा पाय मुरगळला, आणि नाव त्यांच्यामागोमाग चौथ्या मजल्यापर्यंत चढून आलं.

या चौथ्या मजल्यावर तक्तेसाहेब सध्या एकटे राहत होते. बायको मुलीकडे गेली होती. मुलीचं बाळंतपण म्हणून तीन महिन्यांसाठी. तीनाचे पाच झाले, कारण बाळाचं पोट दुखायचं. पाचाचे आठ झाले, कारण मुलीची रजा संपली. आठाचे अकरा झाले, कारण दात. अकराचे चौदा झाले तेव्हा कारण सांगायचं राहून गेलं, आणि तक्तेसाहेबांनीही ते विचारलं नाही. कचेरीत याला मुदतवाढ म्हणतात. पहिली देताना माणूस फार विचार करतो, पुढच्या आपोआप होत जातात.

ते स्वतः मुलीकडे जाऊन राहिले का नाहीत, असं कोणी विचारेल. गेले होते. पहिल्या दिवशी त्यांनी जावयाची हत्यारांची पेटी लावून दिली. दुसऱ्या दिवशी मुलीचं औषधांचं कपाट मुदतीप्रमाणे लावलं. तिसऱ्या दिवशी बाळाच्या दुपट्यांना क्रमांक घालायला घेतले, तेव्हा मुलगी गोड आवाजात म्हणाली, "बाबा, तिकडे घर बंद आहे ना? घराला माणूस हवं." तक्तेसाहेबांना ते पटलं. माणूस पाचव्या दिवशी घराला परत आला.

रोज सकाळी अकरा वाजता ते बायकोला फोन करत. चेहरा दिसणारा फोन. समोर कागदावर मुद्दे लिहिलेले असत: तब्येत, बाळ, हवामान, आणि शेवटी 'परतीचा अंदाज'. फोन सहा मिनिटांत आटपे. मग उरलेला दिवस समोर यायचा, आणि त्याला मुद्दे नसायचे. खरं सांगायचं तर त्यांना करमत नव्हतं. पण छत्तीस वर्षं ते दुसऱ्यांच्या मागण्यांवर शेरे मारत आले होते. स्वतःची मागणी कशी लिहायची, याचा त्यांना सराव नव्हता.

त्या दिवशी ते शेवटच्या मुद्द्यावर आले तेव्हा बायको मुलीच्या स्वयंपाकघरात उभी होती. समोर झाकणाचं एक निळंशार, गोल, जाडजूड भांडं होतं. तिने झाकण उचललं आणि फोन वाफेने भरून गेला.

"अहो, हे भांडं म्हणजे काय सांगू! बिडाचं आहे, आतून-बाहेरून इनॅमल. डच ओव्हन म्हणतात याला. एकदा सगळं आत टाकलं की दोन तास बघायला नको. तळाला लागणं नाही की काही नाही."

"ओव्हन? वायर कुठाय?"

"वायर नसते हो. गॅसवर ठेवायचं."

"बरं. कधी येतेस?"

"आता कशाला येऊ?" ती हसली. "तुमच्या त्या पातळ पातेल्यांत करायचं जिवावर येतं आता. असलं एखादं भांडं आणा, मग बघू!"

तेवढ्यात बाळाने फोन ओढला, त्याची एक नाकपुडी खूप मोठी दिसली आणि संभाषण संपलं.

कुठल्याही नवऱ्याला हे थट्टेचं बोलणं वाटलं असतं. तक्तेसाहेबांना त्यात मागणीपत्र दिसलं. अट स्पष्ट होती: भांडं आलं की परतीचा विचार. म्हणजे भांडं आलं की ती येणार. 'मग बघू' या शब्दांकडे त्यांनी काणाडोळा केला. कचेरीत हीच चूक एखाद्या कारकुनाने केली असती तर त्यांनी त्याला उभं-आडवं फैलावर घेतलं असतं. पण चौदा महिन्यांत हे पहिलं असं काहीतरी होतं जे करून टाकता येण्यासारखं होतं. त्यांनी नवी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि वर लिहिलं: 'बिडाचं भांडं, इनॅमलयुक्त, झाकणासह, नग एक.' 'वापरणाऱ्यांची संख्या' या रकान्यापाशी पेन थोडा थांबला. मग त्यांनी 'दोन' लिहिलं आणि कंसात बारीक अक्षरात 'पैकी एक बाहेरगावी'.

तज्ज्ञ म्हणून त्यांनी दंतवैद्यांना बरोबर घेतलं. खरं तर डॉक्टर स्वतःच आले. त्यांनाही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, आणि जिन्यात तक्तेसाहेबांच्या तोंडून इनॅमल हा शब्द ऐकल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "तक्ते, या विषयात तुम्ही एक शब्द बोलू नका," ते म्हणाले. "आयुष्य घालवलंय मी यात."

पहिल्या दुकानात भांडी काचेच्या कपाटात होती आणि किमतीच्या चिठ्ठ्या उलट्या ठेवल्या होत्या. तक्तेसाहेबांनी चिठ्ठी सुलट केली, वाचली, पुन्हा उलटी केली आणि वहीत 'प्रदर्शनीय' असा शेरा मारला. दुसऱ्या दुकानाचा मालक मात्र बोलका निघाला.

"किती माणसं घरात?" त्याने विचारलं.

"दोन," तक्तेसाहेब म्हणाले. डॉक्टर छताकडे बघू लागले.

"मग हे घ्या. तीन लिटर. दोघांना भरपूर."

डॉक्टरांनी खिशातून दांडीचा छोटा आरसा काढला, दुसऱ्या हातात बॅटरी घेतली आणि भांड्यात डोकं घातलं. दोन गिऱ्हाइकं जवळ सरकली. डॉक्टर आतून "हं", "अरेरे", "कोणी केलंय हे काम?" असं पुटपुटत होते. शेवटी डोकं बाहेर काढून म्हणाले, "डाव्या बाजूला, कडेखाली, केसाएवढा तडा आहे. आज काही जाणवणार नाही. दोन वर्षांनी ठणकेल."

"भांडं कसं ठणकेल हो?" मालक म्हणाला.

"भांडं नाही. तुमचं गिऱ्हाईक ठणकेल."

जवळ सरकलेली दोन्ही गिऱ्हाइकं लांब सरकली. मालकाने आरसा, बॅटरी आणि डॉक्टर या तिन्ही गोष्टी दुकानाबाहेर न्यायची विनंती केली. विनंतीचा आवाज रस्त्याच्या पलीकडे ऐकू गेला. तक्तेसाहेबांनी जाता जाता मोहोरबंद लिफाफ्यात दरपत्रक देण्याविषयी विचारलं, त्याचं उत्तर इथे देण्यासारखं नाही.

परत येताना डॉक्टरांनी आरसा रुमालाने पुसून खिशात ठेवला. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "तक्ते, मी काय म्हणतो, लहानच घ्या."

"का?"

"उचलायला बरं पडतं."

लहान घेणं म्हणजे काय कबूल करणं, ते तक्तेसाहेबांना कळत होतं. डॉक्टर भला माणूस होता, आणि त्याचा त्यांना त्या क्षणी फार राग आला.

तिसरं दरपत्रक थेट कारखान्याकडून, फोनवर मिळालं. आता तक्ता पूर्ण झाला आणि तक्त्याने आपला इंगा दाखवला. तक्तेसाहेबांनी आयुष्यभर पाळलेला नियम असा की, निरनिराळ्या मापांच्या वस्तूंची तुलना दर लिटरमागे करायची. तशी केली तेव्हा कारखान्याचं सगळ्यात मोठं भांडं सगळ्यात स्वस्त पडत होतं. आठ लिटर. नियमाला डोळे नसतात, आणि तक्तेसाहेबांनी आपलेही मिटून घेतले.

"काका, हे हॉटेलवाले नेतात," फोनवरच्या बाई म्हणाल्या.

"उत्तम. म्हणजे टिकाऊ असणार."

"घरात किती जण आहात?"

या सगळ्या विक्रेत्यांना हा एकच प्रश्न कोणी शिकवून ठेवला होता, कोण जाणे. "आहेत, बरेच आहेत," तक्तेसाहेब म्हणाले आणि फोन ठेवल्यावर रिकाम्या घराकडे जरा ओशाळून बघितलं.

भांडं आठवड्याने आलं. ते आणणारे कुरिअरवाले गृहस्थ पन्नाशीचे, पाठीला पट्टा बांधलेले. इमारतीला लिफ्ट नव्हती. चौथ्या मजल्यावर ते आधी धापांनी पोचले आणि मग प्रत्यक्ष.

"आत काय आहे? तोफ?" त्यांनी खोकं टेकवत विचारलं. "ओटीपी सांगा."

इथे घोटाळा झाला. तक्तेसाहेब कुठल्याही फॉर्मवर स्वतःचा नंबर देत नसत, उगाच फोन येतात म्हणून. बायकोचा देत. सवयीने याही वेळी तोच दिला होता. म्हणजे ओटीपी बायकोच्या फोनवर गेला होता, आणि भांडं तर तिला न सांगता आणायचं होतं. तक्तेसाहेबांनी निवृत्तीचं ओळखपत्र दाखवलं. विजेचं बिल दाखवलं. लग्नाचा फोटोही दाखवला, त्यात नंबरवाली व्यक्ती आपल्या शेजारी उभी आहे हे बोट ठेवून सिद्ध केलं. गृहस्थांनी फोटो नीट पाहिला, "छान आहे" म्हणाले आणि तोफ उचलून चार मजले उतरले.

दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ, तेच खोकं, आणि चेहऱ्यावर तोच भाव, फक्त जास्त गडद. तक्तेसाहेबांनी मन घट्ट करून बायकोला फोन लावला. "एक सहा आकडी नंबर आला असेल बघ. वाच."

"कसला नंबर? अहो, कुठे फसताय की काय? या नंबरांनी लोकांची खाती साफ होतात म्हणे!"

"सरकारी काम आहे. वाच."

तिने वाचला, बाळाने मध्येच काहीतरी दाबलं, पुन्हा वाचला, चौथा आकडा सात की एक यावर मतभेद झाले. या सगळ्या वेळात गृहस्थ खोलीतल्या दुसऱ्या खुर्चीवर टेकले होते. काम झाल्यावर तक्तेसाहेबांनी त्यांना पाणी दिलं.

"काकू नाहीत?"

"बाहेरगावी. येतीलच आता."

बोलता बोलता तक्तेसाहेबांच्या लक्षात आलं की त्या खुर्चीवर कितीतरी महिन्यांत कोणी बसलं नव्हतं. "चहा टाकतो," ते घाईने म्हणाले. "पाच मिनिटं. बिस्किटं पण आहेत."

"अजून बावीस घरं आहेत, साहेब," गृहस्थ म्हणाले आणि पाठ धरत उठले. जिन्यातली पावलं अगदी तळमजल्यापर्यंत ऐकू येत राहिली. तक्तेसाहेब दार न लावता तसेच उभे होते.

खोकं उघडलं. भांडं लालभडक निघालं, कारण रंग 'उपलब्धतेनुसार' अशी अट त्यांनी स्वतःच मान्य केली होती. ते दोन्ही हातांनी उचलून त्यांनी काचेच्या शेगडीवर ठेवलं आणि शेगडीने बारीकसा आवाज केला. शेगडी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने भांड्याकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, आणि भरलेलं भांडं यावर ठेवलं तर आपण इमारतीत थांबणार नाही, असं सांगितलं. मग माळ्यावरची जुनी लोखंडी शेगडी उतरवली, तिचे बर्नर धुतले, नळी बदलली. तोपर्यंत भांडं ठेवायचं कुठे? तर भिंतीवरच्या फळीवर. फळीने ते दीड दिवस सहन केलं.

तिसऱ्या प्रहरी मोठा आवाज झाला. खालचे डॉक्टर "काय निखळलं?" असं ओरडत वर आले. भांड्याला काही झालं नव्हतं, टवकासुद्धा उडाला नव्हता. डॉक्टरांनी आरसा लावून तशी खात्री करून दिली. पण फळीवरच्या काचेच्या बरण्या गेल्या होत्या. जाताना बायकोने त्या तीन महिन्यांच्या हिशेबाने भरून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'हे आधी संपवा', 'हे डब्यात काढून मग घ्या', 'ओला चमचा नको'. बरण्या केव्हाच रिकाम्या झाल्या होत्या, पण तक्तेसाहेबांनी हलवल्या नव्हत्या. डॉक्टरांनी केरसुणी घेतली आणि काचा भरल्या. चिठ्ठ्या तेवढ्या तक्तेसाहेबांनी वाकून वेचल्या, काचेचे कण झटकले आणि वहीत ठेवल्या.

अखेर तो दिवस उजाडला. सोबतच्या पुस्तिकेत ठळक लिहिलं होतं की भांडं रिकामं तापवू नये, निदान अर्धं भरलेलं असावं. तक्तेसाहेबांनी नेहमीप्रमाणे एका माणसाचे दोन बटाटे, एक गाजर, एक कांदा टाकला. आत पाहिलं तर तळाशी बटाटे एकमेकांना शोधत होते. मग खाली जाऊन दोन पिशव्या भाजी आणली. दोन तास चिरत बसले. अर्धं भरलं तेव्हा सहा माणसांचं जेवण झालं होतं. झाकण ठेवलं, आच बारीक केली. थोड्या वेळाने घरात असा वास सुटला की जणू कोणी राहतंय तिथे.

बरोबर अकरा वाजता त्यांनी फोन लावला आणि एकही मुद्दा न घेता फोन थेट शेगडीकडे वळवला.

"अगंबाई! आणलंत?" बायको ओरडली. "आणि केवढं हे! झाकण काढा बघू. अहो, तुम्ही केलंत? स्वतः? मीठ घातलंत?"

"घातलं."

"चाखून बघितलंत?"

"बघितलं. बरं झालंय." अटीची पूर्तता झाली होती, कागदपत्रं चोख होती, आता फक्त तिने तारीख सांगायची बाकी होती.

"बाई बाई, केवढं ओझं उतरलं माझ्या डोक्यावरचं," ती म्हणाली. "मला इथे सारखी धाकधूक. हा माणूस काय खातो, कसा खातो. आता तुमची छान सोय झाली. आता मी इथे अगदी निवांत राहीन."

छत्तीस वर्षांत एकाही पुरवठादाराने तक्तेसाहेबांना असं तोंडघशी पाडलं नव्हतं. ते कागदाकडे बघत राहिले. पहिला मुद्दा 'तब्येत' होता. त्यांनी कागद पालथा घातला.

"अगं," ते म्हणाले, "मला करमत नाही."

पलीकडे तिने फोन चेहऱ्याजवळ घेतला.

"एकट्याला घास उतरत नाही घशाखाली. भांडं मी तुझ्यासाठी आणलं. तू म्हणालीस, असलं भांडं आणा. तू ये."

ती म्हणाली, "चौदा महिने रोज विचारता, कधी येतेस म्हणून. जसं काही माल कधी पोचतोय. 'ये' असं आज पहिल्यांदा म्हणालात."

"मग ये ना."

"आत्ता नाही येणार."

"बाळासाठी?"

"बाळ रोज दुपारी पाळणाघरात जातं. तीन महिने झाले." तिने पदराने तोंड पुसलं. "मी पोहायला शिकतेय."

तक्तेसाहेबांना वाटलं, वाफेमुळे ऐकू आलं नाही. "काय शिकतेस?"

"पोहायला. एकसष्टाव्या वर्षी. हसा आता. आठवड्यातून चार दिवस जाते. तो वर्ग पुरा होईपर्यंत मी येणार नाही."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत, दिवसभर काय करतेस म्हणून?"

तक्तेसाहेब हसले नाहीत. तीन महिने ती मोकळी होती आणि आली नव्हती. हे समजायला तक्ता करावा लागत नाही. त्यांना राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. शेगडीवर सहा माणसांचं जेवण शिजत होतं. फोन ठेवून द्यावा, असं त्यांच्या मनात आलं. अंगठा तिथपर्यंत गेलाही. पण पलीकडे ती अजून त्यांच्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत असल्यासारखी, आणि असं तिने शेवटचं कधी बघितलं होतं ते त्यांना आठवेना.

"पाणी," ते म्हणाले. "पाणी गार असतं का?"

"सुरुवातीला असतं," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पाय टाकला की वाटतं, कशाला आलो इथे. पहिले सहा आठवडे तर मी कठडाच सोडला नाही. बाकीच्या सगळ्या पलीकडे जाऊन आल्या, आणि मी आपली कडेला लटकलेली. शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, आजी, पाणी उचलतं आपल्याला, सोडा हात. मी म्हणायची, तुम्हाला उचलत असेल. रोज ठरवून जायची आणि रोज तशीच परत यायची. घरी कुणाला सांगितलं नाही, लाज वाटायची. आणि मग गेल्या मंगळवारी, का ते माहीत नाही, मी हात सोडला."

तक्तेसाहेबांनी गॅस बंद केला, खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

"मग?" त्यांनी विचारलं.